काकू, बिस्किट मी खाल्लं नाही

काकू, या वर्षी तीन फुगवट्यांच्या मिरच्या मिळता मिळेनात. दुकानात उभी राहून मी एकेक ढोबळी मिरची उलटी करून बघत होते आणि जी उचलावी तिला खाली चार फुगवटे. तुम्ही असतात तर तिथल्या माणसाला आत पाठवून नवीन पेटी उघडायला लावली असतीत. मला ते जमत नाही. शेजारी एक बाई टोमॅटो निवडता निवडता माझ्याकडे बघायला लागली, तशी मी घाबरून चार फुगवट्यांच्याच पिशवीत टाकल्या आणि पुढे निघाले. कांद्यांपर्यंत गेले आणि परत फिरले. मिरची आडवी कापून हिरव्या रंगात बुडवली की शॅमरॉक नावाच्या पाल्याचा ठसा उठतो, आणि त्याला पानं तीनच हवीत, हे तुम्ही माझ्या डोक्यात फार पक्कं बसवलंय. चार पानं म्हणजे नशीब, तीन पानं म्हणजे आयर्लंड, आणि सतरा मार्चला आपण आयर्लंडचा सण करतो, नशिबाचा नाही, असं तुमचं म्हणणं.

शेवटी मिळाल्या. बसमध्ये पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. बाहेर बर्फ अजून होता, रस्त्याच्या कडेला काळा पडलेला. आता घरी गेल्यावर मिरच्या उलट्या करून तुम्हाला दाखवायच्या, असं मनात आलं, आणि मग आठवलं.

तुम्ही गेलात त्याला अजून महिना व्हायचाय. इथल्या मराठी मंडळाच्या अंकात तुमच्यावर कुणीतरी लिहायला हवं म्हणून नेहाने मलाच धरलं. मी म्हटलं, नेहा, माझी शाळा नववीत सुटली, मी काय लिहिणार? तर तुमची लेक म्हणते कशी, "ताई, मला मराठी लिहिता येत नाही. आणि इंग्लिशमध्ये लिहिलं की ती आई वाटतच नाही." मग मी बसले लिहायला. तुमचं शिक्षण, तुम्ही अमेरिकेत ॲन आर्बरला कधी आलात, मंडळासाठी काय काय केलंत, ते मंडळाच्या लोकांना माझ्याहून जास्त माहीत आहे. मला मिरच्यांचं माहीत आहे. मी तेच सांगते.

आपली पहिली भेट मंडळाच्या संक्रांतीची. लग्न झालं, मिलिंदला इथे विद्यापीठात काम मिळालं म्हणून आम्ही आलो होतो आणि मी घरात बसून होते. फोन वाजला तरी उचलायची नाही, कारण पलीकडचा इंग्रजी बोलणार. तुम्ही तिळगुळाचं ताट घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिलात.

"दिवसभर काय करतेस गं?"

"काही नाही."

"मुलं आवडतात?"

"हो."

"मग सोमवारी ये. माझी लेक घरात पाळणाघर चालवते, तिला मदतीला माणूस हवंय."

"काकू, माझी नववीच..."

"अगं, मुलं तीन-चार वर्षांची आहेत. त्यांची अजून पहिलीसुद्धा झालेली नाही."

अशी मी नेहाच्या घरी आले. खालच्या मजल्यावर मुलं, वरच्या मजल्यावर तुम्ही. नाश्ता झाला की गुडघा धरत जिना उतरायचात आणि मुलं "काकू!" म्हणून ओरडायची. मराठी मुलं तर म्हणायचीच, पण चिनी, मेक्सिकन, गोरी, सगळीच. त्यांच्या आयांना ते तुमचं नावच वाटायचं. ख्रिसमसच्या कार्डावर 'मिसेस काकू' लिहून यायचं आणि तुम्ही ते फ्रिजवर लावायचात.

पहिल्या आठवड्यात मला पुस्तक वाचून दाखवायला सांगितलं तेव्हा मी ते उघडून नुसतीच बसले. चित्रांचं पुस्तक, एका पानावर एक ओळ, तरी मला ती ओळ मोठ्याने म्हणता येईना. तुम्ही पुस्तक काढून घेतलंत. रागावला नाहीत, कीवही केली नाहीत. विचारलंत, "हाताने काय येतं तुला?" मला शाळेतलं एकच आठवलं. म्हटलं, "भेंडीचे ठसे." तुम्ही हसलात. "झालं तर. वाचायचं मी बघते, ठसे तू बघ."

तरी मला सारखी भीती असायची. मुलाने मणी गिळला तर? कुणाची आई रागावली तर? मिलिंदचं काम संपलं आणि परत जावं लागलं तर? तुम्ही म्हणायचात, "सुजाता, तू आमच्या स्मोक अलार्मसारखी आहेस. साधी फोडणी दिली तरी वाजतेस." पुढे पुढे मी नुसता चेहरा पाडून दारात उभी राहिले की तुम्ही हातातला टॉवेल माझ्या डोक्यावर हलवायला लागायचात, अलार्म बंद करताना हलवतात तसा. "वाजली, वाजली!" म्हणायचात. नेहा हसून हसून खाली बसायची.

आयर्लंडचा सण आपण का करायचा, हे मी तुम्हाला पहिल्याच मार्चमध्ये विचारलं होतं. दिवाळीला पणत्या ठीक आहे, पण हे कशाला? तुम्ही सांगितलंत की तुम्ही इथे नवीन होतात, नेहा लहान होती, काका दिवसभर बाहेर. शेजारी नोरा नावाची एक आयरिश म्हातारी राहायची. तिचं इंग्रजी तुम्हाला कळायचं नाही आणि तुमचं तिला. एका मार्चमध्ये सकाळी सकाळी ती हिरव्या रंगाची वाटी घेऊन आली आणि तुमच्या स्वयंपाकघरात गुडघ्यांवर बसून फरशीवर इवली इवली पावलं काढायला लागली. तुम्हाला वाटलं बाईला वेड लागलं. मग नेहा उठली, पावलं बघितली आणि घरभर नाचली. "या देशात माझ्या मुलीला कुणीतरी आपण होऊन हसवलं, ते पहिल्यांदा," असं म्हणाला होतात. नोरा केव्हाच गेली. पावलं तुम्ही चालू ठेवलीत.

पण तुम्ही तो सण जसा करायचात तसा आयर्लंडमध्येही कुणी करत नसेल. इथे त्या दिवशी हिरवं घातलं नाही तर मुलं चिमटा काढतात. तुम्ही चिमटा बंद केलात. हिरवं नसेल त्याच्या हातावर तुमच्या पाकिटातली हिरवी टिकली लावायची, हा आपल्या पाळणाघराचा नियम. मुद्दाम लाल शर्ट घालून यायची मुलं, टिकलीसाठी. इथे मुलांना देतात ते हिरवं रंगवलेलं दूध तुम्हाला बघवायचं नाही, म्हणून पालकाच्या पुऱ्या. आणि त्या दिवशी तुमच्या दोन्ही हातांत हिरव्या काचेच्या बांगड्या.

एका वर्षी तुमच्या पुण्याच्या नणंदबाई आल्या होत्या ना. काकांना जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. त्यांनी तुमच्या हातांकडे बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "वहिनी, हिरव्या बांगड्या?"

"आज आयर्लंडचा सण आहे हो वन्सं. त्यांच्यात चालतं."

"पण आपल्यात..."

"आपल्यात उद्या बघू. पुरी फुगली बघा, घ्या."

मी पुऱ्या लाटत होते. तोंड भिंतीकडे फिरवावं लागलं. आमच्या घरी असले प्रश्न कधीच निघाले नाहीत, बाबांनी काढूच दिले नाहीत. तरी कुणी इतक्या सहज आणि गरम पुरी वाढता वाढता तो प्रश्न मिटवलेला मी बघितला नव्हता. तुम्हाला हे सांगायचं राहिलं.

आता आपल्या भांडणाचं. ते तुम्ही अर्धवट टाकून गेलात म्हणून मला थोडा रागही आहे.

लेप्रेकॉन म्हणजे वीतभर उंचीचा म्हातारा. हिरवा कोट, लांब दाढी, चपला शिवून पोट भरतो. हे मला आवडलं होतं, की गोष्टीतला माणूस काम करून खाणारा आहे. त्याने सोन्याचा हंडा लपवलेला असतो आणि त्याला पकडलं तर हंडा कुठे आहे ते सांगावं लागतं. म्हणून इथली मुलं आदल्या दिवशी बुटाच्या खोक्याचा सापळा करतात आणि आत सोनेरी कागदातली चॉकलेटची नाणी ठेवतात. तो रात्री येतो, नाणी नेतो आणि फरशीवर हिरवी पावलं ठेवून जातो. सापडत कधीच नाही. ती पावलं काढायची म्हणजे मूठ वळायची, करंगळीकडची बाजू रंगात बुडवून टेकवायची आणि वर बोटाने पाच ठिपके द्यायचे.

"गौरीची पावलं काढतात तशी," तुम्ही म्हणाला होतात.

"आमच्याकडे गौरी नसतात काकू."

"मग आयरिश गौरी समज. दाढीवाली."

मी पावलं काढली, पण मला पटलं नव्हतं. आमच्या बाबांनी अंगात येणं, भूत, चमत्कार, काही म्हणजे काही घरात येऊ दिलं नाही. लहानपणी वस्तीजवळच्या विहिरीवर हडळ आहे म्हणून मी पाण्याला जाईना, तर भर दुपारी हाताला धरून विहिरीच्या काठावर नेऊन बसवलं. "बघ, आहे का? नाही ना? मग कुणी सांगितलं तर मान हलवायची नाही." मी त्यांची मुलगी. मी तुम्हाला म्हटलं, "काकू, हे मुलांना फसवणंच झालं की."

"फसवणं कसलं? खेळ आहे."

"खेळ आहे हे त्यांना कुठे माहीत आहे?"

तुम्ही ब्रश हातात धरून थांबलात. "खोटं वेगळं आणि खेळ वेगळा."

"मग फरक काय ते सांगा."

आणि तेवढ्यात कुणाची तरी शू झाली. दर वर्षी हेच. मी विचारायचं, तुम्ही ब्रश धरून थांबायचं आणि कुणाची तरी शू व्हायची, नाहीतर रंग सांडायचा, नाहीतर दाराची बेल. मला वाटायचं तुमच्याकडे उत्तर नाहीच. तसं मी बोलूनही दाखवलं होतं.

फेब्रुवारीत हॉस्पिटलमध्ये भेटायला आले तेव्हा तुमच्या नाकाला नळी होती. तुम्ही आधी विचारलंत, "मिरच्या?" मी म्हटलं, अजून वेळ आहे. "तीन फुगवट्यांच्या बघून घे. आणि तुझं भांडण माझ्या लक्षात आहे. या वर्षी उत्तर देते."

"आत्ताच द्या की."

"आत्ता दम लागतो गं. घरी आल्यावर."

त्यानंतर तुम्ही घरी आला नाहीत.

पुन्हा पाळणाघर उघडलं त्या सकाळी मुलं आली आणि जिन्याकडे बघायला लागली. "व्हेअर इज काकू?" नेहा बूट काढायला वाकली होती, तशीच वाकलेली म्हणाली, "काकू वेंट टु इंडिया." तुम्ही दर हिवाळ्यात भारतात जायचातच, त्यामुळे सगळ्यांना खरं वाटलं. पालकांना नेहाने तुम्ही गेल्याचं कळवलं होतं. मुलांना हळूहळू सांगू, असं सगळ्यांचं ठरलं. हळूहळू म्हणजे कधी, ते कुणीच ठरवलं नाही.

मी एकदा विचारलं, "नेहा, असं किती दिवस?"

"ताई, प्लीज. लहान आहेत ती. आणि मला ते वाक्य म्हणताच येत नाहीये. आय कान्ट से इट आउट लाउड."

मग मी विषय सोडला. लेक ती तुमची. मुलांचं सगळं शिकलेली. काम तिनेच दिलेलं. मी काय बोलणार? पण काकू, रोज सकाळी कुणीतरी विचारायचं, "इज काकू बॅक?" आणि मी "नॉट यट" म्हणायची. तो 'यट' मी घरी जाऊन मिलिंदला सांगितला. मिलिंद म्हणाला, तू तरी काय करणार. बाबांना फोन केला तेव्हा मी हे सांगितलंच नाही. त्यांनी काय म्हटलं असतं ते मला माहीत होतं.

सोळा तारखेला सापळे केले. नेहा म्हणाली, "ताई, या वर्षी सगळं तू कर, मी नुसती बाजूला असते." मी ठसे घेतले, टेबलं पुसली, बुटांची खोकी वाटली. सगळ्यांनी शिड्या केल्या, झाकणाला भोक पाडलं, आत नाणी. इराने शिडी केली नाही. इरा तुमची लाडकी, पाचाला टेकलेली, आता वर्गातली सगळ्यात मोठी. तिने पुठ्ठ्याचा लांब उतार करून खोक्याला चिकटवला. आत कापूस अंथरला. आणि फळीवरचा तुमचा डबा मागितला, तुमच्या चहाच्या बिस्किटांचा. त्यातलं एक ग्लुकोज बिस्किट कापसावर ठेवलं.

मी म्हटलं, "लेप्रेकॉनला बिस्किट? त्याला सोनं आवडतं ना?"

"धिस इज नॉट फॉर द लेप्रेकॉन. धिस इज फॉर काकू."

"आणि शिडी?"

"काकूज नी हर्ट्स," ती म्हणाली, मलाच काही कळत नाही अशा आवाजात. "सो आय मेड अ रॅम्प."

मुलं गेल्यावर मी नेहाला खोकं दाखवलं. तिने त्या उतारावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "सकाळी बिस्किट काढून टाक ताई. थोडा चुरा ठेव. काकू येऊन गेली असं वाटेल, शी विल बी हॅपी."

"मग ती उद्या परत बिस्किट ठेवेल."

नेहाने खोक्याचं झाकण लावून टाकलं.

"परवा परत ठेवेल. तुझ्या घरी बिस्किटं संपतील, नेहा."

"आणि तसंच राहू दिलं तर? तिला वाटेल, काकूला मी नकोय."

तेही खरं होतं. सापळा तुमच्यासाठी होता आणि त्यात आम्ही दोघी सापडलो होतो.

सतराला सकाळी उजाडता उजाडता मी पोहोचले. रंग कालवला, मूठ बुडवली आणि पावलं काढायला लागले. खिडकीच्या कट्ट्यावरून खाली, टेबलावरून, खेळण्यांच्या टोपलीला वळसा घालून. सगळ्या खोक्यांतली नाणी काढली. इराच्या खोक्यापाशी आले आणि हात पुढे जाईना. आता मला कळत होतं की ही दोन कामं एक नाहीत. पावलं काढताना मला या वर्षी काहीच वाटत नव्हतं, उलट मजा येत होती. बिस्किटाला मात्र हात लावता येत नव्हता. पण फरक काय, ते मला अजून सांगता आलं नसतं.

नेहा तुमचा राखाडी स्वेटर घालून चहाचा कप घेऊन खाली आली. "खाल्लंस?"

"नाही. मी ते खाणार नाही नेहा."

"देन व्हॉट?"

"सांगू या तिला."

"देन यू टेल हर," ती एकदम चिडून म्हणाली. कप टेबलावर आपटला, चहा एका हिरव्या पावलावर सांडला.

"सांगते," मी म्हटलं. काकू, म्हटलं खरं, पण मागोमाग भीती सुरू झाली. नोकरी जाईल, इराची आई ओरडेल, पोरगी आजारी पडेल, मी मनातल्या मनात सगळं वाजवून घेतलं. मग म्हटलं, "पण तिच्या आईला आधी विचारू."

इराची आई, मानसी, बर्फाच्या बुटांत दारातच उभी होती. मी इराला आत पाठवलं आणि विचारलं. ती म्हणाली, "ताई, आम्ही पण रोज उद्यावर ढकलतोय. तुम्ही सांगाल? मी थांबू का?"

"थांबा," मी म्हटलं. ती कोट न काढताच भिंतीला टेकून खाली बसली.

इरा थेट खोक्याकडे गेली होती. बाकीची मुलं पावलांमागे ओरडत पळत होती. तिने झाकण उचललं, आत बघितलं. "शी डिडन्ट कम."

मी तिच्यासमोर फरशीवर बसले. इंग्रजीत मला धड खरंही बोलता येत नाही, म्हणून मराठीतच बोलले. तुम्हाला एकेरी म्हटलं, मुलांशी तसंच बोलतात.

"इरा, काकू इंडियाला गेली नाही. काकू खूप आजारी होती. डॉक्टरांनी औषधं दिली, पण तिचं शरीर थांबलं. श्वास थांबला. काकू वारली. शी डाइड. आता ती येणार नाही."

तिने मला नीट बघून घेतलं. "नॉट इव्हन फॉर द बिस्किट?"

"नाही."

"बट आय मेड अ रॅम्प."

"रॅम्प फार छान आहे. पण नाही येणार."

"इज शी कोल्ड?"

"नाही. आता तिला थंडी वाजत नाही. गुडघाही दुखत नाही." हे बोलताना मी मनात तपासून घेतलं, हे तरी खरं आहे ना. खरं होतं.

मग ती आईकडे गेली आणि कोटात तोंड खुपसून रडली. मानसीही रडली. मी तिथेच बसून राहिले. नेहा नळाजवळ पाठ करून उभी होती, नळ चालू, हातात काही नाही.

थोड्या वेळाने इरा परत आली. नाक आईच्या रुमालाने पुसलेलं. माझ्या शेजारी बसली आणि पावलांकडे बघायला लागली. मग माझ्या हाताकडे. करंगळीकडची बाजू अजून हिरवी होती, घाईत मी ती धुतली नव्हती. मी हात मागे घेतला.

"आय नो," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"इट्स यू. लास्ट इयर इट वॉज काकू. हर हँड वॉज ग्रीन टू."

"मग तू बोलली का नाहीस?"

तिने खांदे उडवले. "इट्स अ गेम, ताई." मग जवळ सरकून कानात, "डोन्ट टेल द बेबीज." बेबीज म्हणजे तीन वर्षांची मंडळी, जी तेव्हा कपाटाखाली लेप्रेकॉन शोधत होती.

काकू, हे तुमचं उत्तर होतं का? घरी आल्यावर हेच सांगणार होतात? मला वाटतं असेल. पावलांच्या खेळात ती वर्षभर तुमच्या बाजूने होती, तुम्हाला न सांगता. इंडियाच्या गोष्टीत तिला आमच्यापैकी कुणी आपल्यात घेतलंच नव्हतं. तिथे ती एकटी पुठ्ठा कापत बसली होती. तुमचं बरोबर होतं आणि बाबांचंही. हे मी तुम्हा दोघांना एका खोलीत बसवून सांगितलं असतं तर मजा आली असती.

बिस्किट इराने खाल्लं. "काकू डझन्ट नीड इट," म्हणाली आणि कापसाचे धागे काढून टाकून खाऊन टाकलं. मग टेबलावरचं टिकल्यांचं पाकीट घेऊन नळाजवळ गेली. "नेहा मिस, यू हॅव नो ग्रीन." नेहाने नळ बंद केला आणि खाली वाकून हात पुढे केला. इराने मनगटावर टिकली दाबून बसवली. नेहा त्या टिकलीकडे बघत मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "माय मॉम डाइड, इरा."

"आय नो. ताई टोल्ड मी."

मग नेहा रडली. तुम्ही गेल्यापासून मी तिला असं रडताना बघितलं नव्हतं. इरा थोडा वेळ शेजारी उभी राहिली आणि नंतर लेप्रेकॉन शोधायला गेली. बाकीच्या मुलांना त्यांच्या त्यांच्या आईबाबांबरोबर बसून सांगायचं, असं नेहाने त्याच दुपारी ठरवलं. आता जवळजवळ सगळ्यांना माहीत आहे. कुणी रडलं, कुणी विचारलं की मग बिस्किटांचा डबा कोणाचा. डबा फळीवरच आहे.

एक गोष्ट मीही तुम्हाला कधी सांगितली नाही. गेल्या वर्षी तुमच्या गुडघ्याचं दुखणं वाढलं म्हणून पुस्तक वाचायचं माझ्यावर आलं, आणि मी पहिल्यांदा अख्खं पुस्तक मुलांना वाचून दाखवलं, अडखळत, पण शेवटच्या पानापर्यंत. तुम्ही वर झोपलेल्या आहात असं सांगितलं होतं. तुम्ही झोपला नव्हतात. जिन्याच्या वळणावर बसून ऐकत होतात. खाली आला नाहीत, कारण तुम्हाला बघून मी थांबले असते. कठड्यातून तुमच्या शालीचं टोक दिसत होतं. मला दिसलं, आणि मी वाचत राहिले.

सतराच्याच संध्याकाळी मुलं गेल्यावर मी घरी निघाले होते. नेहा म्हणाली, "थांब ना, जेवून जा." मिरच्यांचे खालचे तुकडे ठशांसाठी आणि वरचे भाजीसाठी, हा तुमचा नियम, म्हणून देठाकडचे तुकडे मी फ्रिजमध्ये ठेवले होते. पीठ पेरून भाजी करायला घेतली. तुमचीच कढई. तेल जरा जास्त तापलं असावं. मोहरी टाकली आणि अलार्म सुरू झाला, घरभर, कान फाटतील असा. मी गॅस बंद करायला धावले. वळून बघते तर नेहा खुर्चीवर चढून टॉवेल हलवतेय. मनगटावर हिरवी टिकली तशीच. ओरडतेय, "वाजली, वाजली!" आणि हसतेय. हसता हसता खुर्चीवरून पडायची म्हणून मी तिचा स्वेटर धरला, तुमचा.

काकू, या वेळी वाजला तो अलार्मच होता. मी नव्हते.